मदत हवी आहे : पंधरा-वीस वर्षं ठेवायला जुनी मोठी गाडी, स्टॉर्म, स्कॉर्पिओ की फॉर्च्युनर? (जावळी, सातारा)

केळघर घाट :

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं. गाव जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वर. घरात आई-वडील, आम्ही दोघं, दोन मुलं आणि आत्या, अशी सात माणसं. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जाणं, भर पावसात केळघर घाट, वर्षातून एकदा पालीच्या खंडोबाला आणि सुगीत भाताची पोती. वर्षाला १२ हजार किलोमीटरच्या वर गाडी पळत नाही.

वडिलांनी एक जीप १९८९ पासून २०१४ पर्यंत चालवली. इंजिन दोनदा बांधलं (म्हणजे खोलून पुन्हा नवं केलं), पाटे बदलले, हूड तर चार वेळा शिवून घेतलं. रात्री घाटात बंद पडली तर कुठे हात घालायचा हे त्यांना ठाऊक असायचं. मला तशीच गाडी हवी आहे. दर सात वर्षांनी नवे हप्ते सुरू करायचे नाहीत. एकदा नीट बघून घ्यायची, तीन-चार वर्षांत एकेक काम करून ताजी करायची आणि थोरला (आता नववीत आहे) चालवायला लागेल तेव्हाही तीच दारात उभी असली पाहिजे. बजेट म्हणाल तर घेताना सात लाखांपर्यंत आणि पुढच्या कामांसाठी सगळं मिळून आणखी चार.

काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. चासी (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी, बॉडी वेगळी अशीच गाडी हवी. २०२१ नंतरची नवी सफारी चांगली असेल, पण ती मोनोकॉक (चासी-बॉडी एकच) आणि पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे माझ्या यादीत नाही. डिझेलच, आणि तेही एप्रिल २०२० च्या आधीचं, म्हणजे बीएस-६ (धुराचा नवा कडक नियम) नको. आमचं बरंचसं फिरणं दहा-बारा किलोमीटरचं. एवढ्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नीट तापत नाही, काजळी जळत नाही आणि तो चोंदतो. गिअर हातानेच टाकायचे.

आता ज्या तीन गाड्यांवर घोडं अडलंय त्या.

सफारी स्टॉर्म. २०१५ नंतरची, व्हॅरिकॉर ४०० इंजिनाची, मला मनापासून आवडते. १५६ पीएस, ४०० न्यूटन मीटर, सहा गिअर. लष्कराने २०१७ मध्ये ३,१९२ स्टॉर्म मागवल्या होत्या, तेव्हा पार्ट बरीच वर्षं मिळतील असं वाटतं. पण २०१९ ला गाडी बंद झाली. शिवाय मागच्या दोन सीट आडव्या, घडीच्या. आत्याचे गुडघे दुखतात, तिला तिथे बसवणं बरं नाही, आणि मुलांना घाटात आडवं बसवायलाही मन धजत नाही.

स्कॉर्पिओ, एमहॉक इंजिनाची, २०१४ नंतरच्या चासीची. गावोगावी आहे, प्रत्येक फिटरचा हात बसलेला. तिसरी रांग समोर तोंड असलेली मिळते. तोच साचा पुढे क्लासिक नावाने चालू राहिला, म्हणून पार्टची चिंता सगळ्यात कमी. पण मी पाहिलेल्या बहुतेक गाड्या फार राबवलेल्या होत्या.

फॉर्च्युनर ३.०, २००९ ते २०१२ मधली. १७१ पीएस, सातही जण सुखाने बसतात. सात लाखांत जी मिळतेय तिचे २ लाख किलोमीटर झालेत आणि लवकरच १५ वर्षं पूर्ण होतील.

एन्डेव्हर मुद्दाम सोडली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. आज पार्ट मिळतात हे मान्य, पण मला २०४० चं बघायचंय.

तर जाणकारांनी सांगावं, बांधून ठेवायच्या दृष्टीने यातली कुठली? आणि मी कमी किलोमीटरवाली शोधतोय ते बरोबर आहे का?

---

लेथवाला :

केळघर घाट, कराडला माझं मशीनिंगचं काम आहे, रोज दोन-तीन इंजिनांचे ब्लॉक समोर येतात. त्यावरून सांगतो, किलोमीटरच्या मागे लागू नका. मीटर मागे घेणं फार सोपं झालंय. आणि इंजिन हा तुमच्यासाठी शेवटचा प्रश्न आहे. ब्लॉक बोअर होतो, स्लीव्ह बसते, क्रँक ग्राइंड होऊन अंडरसाइझ बेअरिंगवर चालते, हेड फेस होतं. पैसे टाकले की इंजिन परत मिळतं. सडलेली चासी परत मिळत नाही. वेल्डिंग करून चालवता येते, पण वीस वर्षं ठेवायची गाडी तशी घेऊ नये.

म्हणून गाडी आधी खालून बघा. रॅम्पवर घ्या, हातात छोटी हातोडी आणि पेचकस. डिझेल टाकीच्या वरचा भाग, मागच्या चाकांच्या आतली बाजू आणि बॉडी जिथे चासीवर टेकते ती माउंट्स, इथे ठोकून बघा. पत्रा निरोगी असेल तर खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला की तिथेच जास्त वेळ द्या, खालचा गंज झाकायला तो हमखास मारतात. तुमच्याकडची तांबडी माती चासीच्या पोकळीत जाऊन बसते आणि उन्हाळ्यापर्यंत ओल धरून ठेवते. गाडी घेतलीत की दर पावसाळ्यानंतर चासी आतून पाण्याच्या प्रेशरने धुऊन घ्यायची, एवढं एक कराच.

फॉर्च्युनरबद्दल दोन गोष्टी. त्या ३.० ला टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरून किंमत करा. दुसरं, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळायला लागले की काजळी ऑइलमध्ये उतरते आणि चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली) ऑइलची जाळी चोंदते. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात चेंबर उतरवून जाळी बघावी. इंजिन दणकट आहे, पण चारही इंजेक्टर घ्यायची वेळ आली तर तुमच्या चार लाखांतला मोठा घास तिथेच जाईल.

---

कृष्णाकाठ :

मी सांगलीचा. एक गोष्ट कळकळीने सांगतो. एमएच-१० (सांगली) किंवा एमएच-०९ (कोल्हापूर) ची गाडी बघत असाल तर २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून पुढे दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. घेणाऱ्याला दोन वर्षांनी कळतं, जेव्हा वायरिंग आतून हिरवं पडतं आणि गाडी कुठेही बंद पडायला लागते.

ओळखायचं कसं? सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मातीची रेघ पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात राहते. तिथपर्यंत कोणी धुवत नाही. पुढच्या सीटचे रेल आणि त्यांचे बोल्ट बघा, कार्पेटखालचा फेल्ट हाताने दाबा, फ्यूज बॉक्स उघडून पिना पाहा. डिफरन्शियलचं (मागच्या आसाच्या मधल्या गिअरपेटीचं) ऑइल थोडं काढून बघा, चहासारखं दुधाळ निघालं तर पाणी आत गेलेलं आहे. आणि २०२० व २०२२ च्या विम्याच्या पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस शून्यावर आला असेल तर का आला ते विचारा. मालक बदलल्यानेही येतो, पण उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून घ्या.

इंजिन बांधता येतं हे लेथवाला म्हणतात ते खरंच. पण बुडालेल्या गाडीचं वायरिंग बांधून घेणं माणसाला रडवतं. मी ते केलंय, म्हणून सांगतोय.

---

पाटणखोरे :

लेथवाला +१. कुंभार्ली घाटाखालून, कोकणातून आलेल्या एमएच-०८ (रत्नागिरी) च्या गाड्या जपून बघा, समुद्राची हवा पत्र्याला लागते. दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी कुणी आणून दिली तर मोहात पडू नका. डिझेल गाड्यांसाठीच्या तिथल्या दहा वर्षांच्या मर्यादेच्या नियमामुळे ती स्वस्त असते, आणि इथे आणल्यावर एनओसी, परत रोड टॅक्स, सगळं तुमच्या गळ्यात.

फॉर्च्युनर २०११ ची घेतलीत तर १५ वर्षांचं पासिंग, पर्यावरण कर आणि मग दर पाच वर्षांनी हेच पुन्हा, हे घेताक्षणीच सुरू. २०१६ ची गाडी २०३१ पर्यंत निवांत. आरसीवर बोजा (कर्जाची नोंद) असेल तर बँकेचं पत्र आणि तो उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करून व्यवहार पुरा करू नका.

---

केळघर घाट :

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी तीन गाड्या बघून आलो, वडिलांना सोबत नेलं होतं.

पहिली ७८ हजार किलोमीटरची, चकचकीत, मालकाने धूपसुद्धा लावला होता. कृष्णाकाठ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मागचा सीटबेल्ट ओढला आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट रेघ. गाडीचं नाव सांगत नाही, तिचा काय दोष. पण तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर त्याच दिवशी टोकन देऊन आलो असतो. दुसरीची माउंट्स गेलेली.

तिसरी कोरेगावजवळच्या एका शेतकऱ्याची स्कॉर्पिओ, २०१६ ची, तिसरी रांग समोर तोंड असलेली. १ लाख ६४ हजार किलोमीटर. बाहेरून पोचे, सीट फाटलेल्या, मागचा ब्लोअर बंद. पण पहिलाच मालक, सगळ्या बिलांची फाइल, आणि चासी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खणखणीत. वडील अर्धा तास खालीच होते. थंड इंजिन माझ्यासमोर सुरू केलं, लगेच लागलं. ऑइलची कॅप काढल्यावर थोडा धूर मारते. साडेसहा सांगतायत.

स्टॉर्मचा मोह सोडवत नव्हता, पण आत्याला तिसऱ्या रांगेत बसवून पाहिलं आणि तो विषय तिथेच संपला.

लेथवाला, कॅपमधून धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असं समजायचं का? आल्याबरोबर इंजिन खोलावं का?

---

लेथवाला :

खोलायची घाई करू नका. थोडा धूर या वयात असतोच. कॅप उलटी करून तोंडावर नुसती ठेवा. ती जरा थरथरली तर चालेल, उडून पडली तर काम आलं. टोकन देण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि इंजेक्टरचं रिटर्न (त्यातून परत येणारं डिझेल) मोजून घ्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असले तर इंजिनाला पुढची दोन-तीन वर्षं हात लावू नका, नुसतं ऑइल वेळेवर बदला.

पहिल्या वर्षी ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट, बुश आणि कूलिंग करा. रेडिएटर, होजपाइप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट एकदमच. घाटात गाडी तापली की हेड वाकतं आणि मग नको तेव्हा इंजिन खोलावं लागतं. इंजिन बांधायची वेळ येईल तेव्हा आहे तोच ब्लॉक वाचवू. आरसीवर इंजिन नंबर असतो, ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद करत बसावं लागतं. आणि मोजमाप घेतल्याशिवाय कुणालाही पिस्टन आणायला सांगू नका, बोअर मोजल्यावरच कळतं स्टँडर्ड लागणार की ओव्हरसाइझ.

---

केळघर घाट :

कॅप थरथरली, पडली नाही. कॉम्प्रेशन आणि रिटर्न गुरुवारी साताऱ्यात मोजून घेतोय. मालक स्वतः गाडी घेऊन यायला तयार झालेत. आकडे मिळाले की इथेच टाकतो. बॉडी माउंटचे रबर आणि खालच्या आर्मचे बुश चांगल्या प्रतीचे कराडला मिळतील की कोल्हापूरला जावं लागेल, तेवढं कुणीतरी सांगा.