वचन कुठे आडवं आलं? तुमचे अनुभव लिहा

सलाम मंडळी. (नगरकडची ख्रिस्ती माणसं भेटली की अजून असंच म्हणतात, सवयीने आलं.)

धागा काढायचं कारण सांगतो. पाठ केलेली बायबलची वचनं आपल्या सगळ्यांकडे आहेत. संडे स्कूलमध्ये वचन बिनचूक म्हटलं की रंगीत कार्ड मिळायचं. माझ्याकडे बुटाच्या खोक्यात भरून होती. धीर देणारी वचनंही सगळ्यांना ठाऊक. स्तोत्र २३ तर बारशापासून मयतापर्यंत कुठेही चालतं. मला दुसरंच विचारायचंय. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता वाचता एखादं वचन कधी तुमच्या रोजच्या कामात, व्यवहारात, घरात आडवं आलंय का? आल्यावर तुम्ही काय केलंत? थोर साक्षी नकोत, त्या चर्चमध्ये ऐकतोच. खरं झालं तेवढं लिहा.

माझ्यापासून सुरुवात.

वडील कांद्याच्या आडतीवर तोलार होते. घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना आणि नीतिसूत्रांचा एक अध्याय. या पुस्तकाचे अध्याय ३१, म्हणून आमच्याकडे तारखेप्रमाणे वाचायची पद्धत. दर महिन्याच्या ११ तारखेला अकरावा अध्याय यायचा, आणि त्याची पहिलीच ओळ खोट्या तागडीबद्दल आहे: परमेश्वराला तिचा वीट येतो. आडतीवर काटा मारायला सांगत. गोणीमागे किलो, कधी दीड किलो. शेतकरी समोरच उभा, पण रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस काट्याकडे किती वेळ बघणार? नाही म्हणावं तर दुसरा तोलार तयारच होता आणि घरात खाणारी तोंडं सहा.

एरवी अध्याय वडीलच वाचायचे. ११ तारखेला मात्र बायबल माझ्यापुढे सरकवायचे. "तू वाच रे, माझा चष्मा सापडत नाही." चष्मा सदऱ्याच्या खिशात असायचा. मला हे कळायला आठवी उजाडली.

आता तुम्ही लिहा.

वसईहून

चष्म्यावरून आजी आठवली. आम्ही कॅथलिक. आजीच्या लहानपणी मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ती मराठीत आली. तोवर आजीचा धर्म म्हणजे रोझरी, सण, उपवास आणि फादर सांगतील ते. घरात बायबल उघडून बसायची रीतच नव्हती. २०१० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आलं आणि बाबांनी ते घेतलं. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून दुपारी वाडीतून आली की मी वाचायचे आणि ती वालाच्या शेंगा सोलत ऐकायची.

एकदा मार्था आणि मरियेची गोष्ट आली, लूकच्या दहाव्या अध्यायातली. येशू घरी आलाय, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय, मार्था एकटी कामाने पिचलीय. ती तक्रार करते तर येशू म्हणतो, मरियेने चांगला वाटा निवडलाय. आजीचे हात थांबले. म्हणाली, "आणि जेवला कुठे मग तो?"

मी हसले, ती नाही हसली. "साठ वर्षं मी मार्था आहे. सणाला अख्खं घर मिस्सेला जायचं नि मी चुलीशी. मला कुणी सांगितलं का बस म्हणून?" त्या वर्षी नाताळला तिने स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकला आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला पहिल्या बाकावर जाऊन बसली. जेवण गार होतं. कुणी अवाक्षर काढलं नाही.

मिरज, नर्स, आता निवृत्त

माझं छोटंसं. इफिसकरांस पत्रात आहे, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. आमची ड्यूटी रात्री आठला सुरू. सूर्य तर मावळलेला, आणि वॉर्डात गेल्या गेल्या सीनियर सिस्टरशी खटका. मग मुदत उद्याच्या मावळतीपर्यंत धरायची का? मी खुशाल तशी धरायचे. ऐन दुपारी झोपेतून उठून आधी चडफडायचे, मग फोन करायचे. एकदा त्याच फोन करून म्हणाल्या, "अगं, साडेसहा वाजत आले, लवकर बोल."

पुणे, मराठीची निवृत्त शिक्षिका

माझ्या आड वचन आलं नाही, शब्द आला. दर बुधवारी आमच्याकडे सात-आठ बायका शास्त्र वाचायला जमतात. दोघी पदवीधर, बाकीच्या धुणीभांडी, पोळ्या करणाऱ्या. रोमकरांस पत्र काढलं आणि तिसऱ्या अध्यायात 'नीतिमान ठरणे'पाशी गाडी रुतली. नीतिमान म्हणजे चांगल्या चालीचा, हे सगळ्यांना ठाऊक. पण पौल आधी म्हणतो तसा कुणीच नाही, आणि लगेच म्हणतो विश्वासाने ठरवले जाता. मी फळ्यावर लिहिल्यासारखं अर्धा तास समजावलं. व्याकरणासकट. एकीला जांभई आली.

मग पोळ्या करणारी म्हणाली, "बाई, दुकानदार उधारीच्या वहीत आपल्या नावावर रेघ मारतो तसं का? पैसे आपण नाही दिले, दुसऱ्याने भरले, पण वही कोरी?"

तसंच. मला एमए करून सुचलं नव्हतं.

पंडिता रमाबाईंना ही अडचण शंभर वर्षांपूर्वी दिसली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना कळावं म्हणून त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी केलं. छपाईचे खिळे जुळवायलाही तिथल्याच मुली-बायका. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला निघालं. संस्कृत पंडिता असून सोपं लिहायचं, याला काय लागत असेल ते मला त्या बुधवारी कळलं.

दुबई

इथे २०२२ पर्यंत सरकारी सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची रविवारची उपासना शुक्रवारी असायची. गावी आईला पटायचं नाही. तिला मार्कातलं वाचून दाखवलं, शब्बाथ (विसाव्याचा दिवस) माणसासाठी झाला. ती म्हणाली, "मग माणसाला रविवारी काय धाड भरली?" खोलीत सहा जण, वाचन पांघरुणात मोबाईलवर. एवढंच.

श्रीरामपूरकडची, नाव नको

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या पणजोबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी शास्त्र टाळ-मृदंगावर शिकलं. नारायण वामन टिळकांच्या भजनांनी आमच्याकडच्या किती घरांत येशू आणला, ते मोजता येणार नाही. पणजोबा महारवाड्यातले, गावच्या विहिरीवर पाणी नाही, पण भजनात बसले की टिळकांसारख्या चित्पावन ब्राह्मणाचे शब्द त्यांच्या तोंडी. याचं त्यांना फार अप्रूप होतं असं आजोबा सांगायचे.

मी युवकांच्या शास्त्राभ्यासात गलतीकरांस पत्र शिकवलं. ३:२८ – यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. ख्रिस्त येशूच्या ठायी तुम्ही सर्व एकच. कागदाचे तुकडे करून त्यावर भेद लिहिले, मुलांना फाडायला दिले. छान झाला पाठ. पाळकसाहेबांनी कौतुक केलं.

दोन महिन्यांनी मला स्थळ आलं. ख्रिस्तीच, शिकलेलं घर, भिंतीवर वचन. चहा झाला, प्रार्थनाही झाली. मग मुलाच्या काकूंनी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" वडिलांनी गावाचं नाव सांगितलं. "ते नाही हो, मूळचे?"

आपल्यातल्या लोकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

वडील गप्प. मी ट्रे उचलता उचलता म्हणाले, "महारवाड्यातले." निरोप आलाच नाही. नंतर कळलं, ते घर तीन पिढ्यांपूर्वी मांगवाड्यातलं. म्हणजे आमच्या फुटक्या कपांतही कप वरचा-खालचा!

लक्ष्मीबाई टिळकांचं मला यासाठी कौतुक वाटतं. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, यांनी १९०० मध्ये. मधली वर्षं सोवळं-ओवळं आणि पाण्याची भांडणं स्वतःशीच, आणि ते सगळं न लपवता लिहून ठेवलं. आमच्यात एकाच रविवारी सगळं सुटल्याचं सांगतात. मी तो पाठ अजून शिकवते, कागद फाडायला मात्र देत नाही. भेद लिहून घेते आणि घरी न्यायला सांगते.

धागाकर्ता

वरच्या ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. लिहिलंत, बरं केलंत.

काहींनी विचारलंय, तुमच्या वडिलांनी पुढे काय केलं? आडत सोडली नाही. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. ते गेल्यावर त्यांचं बायबल माझ्याकडे आलं. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाच्या समासात शिसपेन्सिलीने बारीक आकडे होते. ४०, ६५, ३०, असे खाली खाली, जागा संपली तिथे पुढच्या पानावर. मला वाटलं हप्ते असतील. आईने हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "किलो आहेत ते."