घरी कोरकू, बाजारात हिंदी, पुस्तकात मराठी: पहिली कोणत्या भाषेत सुरू करावी?

वडाचा_पार
मेळघाटातली जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट 41. त्यातली 33 मुलं घरी कोरकू बोलतात, बाकी 8 इतर समाजांची. धारणीच्या बाजारात सगळेच हिंदीवर येतात. मराठी फक्त पुस्तकात आणि गुरुजींच्या तोंडी. दोन्ही शिक्षकांना कोरकू येत नाही.
शाळा व्यवस्थापन समितीत तीन गट पडलेत. एक म्हणतो, पहिलीपासून सेमी-इंग्रजी करा. दुसरा म्हणतो, आहे तसं मराठीच चालू द्या, मुलं आपोआप शिकतात. तिसरा म्हणतो, कोरकूतून सुरुवात करा. कायद्याने तिसरं चालतं का? आणि चाललं तरी रोजच्या वर्गात ते करायचं कसं?

खडूफळा
कायद्याची अडचण नाही. घटनेच्या कलम 350-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगितलं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 म्हणतं, माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषा असावं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंतचा उल्लेख आहे, तोही ‘शक्य तिथे’ या शेपटासह. शाळेचं नोंदलेलं माध्यम मराठीच राहू द्या. ते बदलायला निघालात तर फाईल फिरत राहील आणि पहिलीची मुलं तिसरीत जातील.

सेमीबद्दल: गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून, म्हणजे तुमच्या मुलांना दोन्हीकडून परकी भाषा. इंग्रजी हा विषय राज्यात 2000 पासून पहिलीपासून आहेच. तो रोज अर्धा तास तोंडी नीट शिकवला, तर पालकांचा बराचसा आग्रह निवळेल.

‘आपोआप शिकतात’ हे तपासून बघा. दहा साध्या सूचना काढा: ‘पाटी उलटी ठेव’, ‘दाराला हात लावून परत ये’, ‘मोठा दगड मला दे, लहान तुझ्याकडे ठेव’. एकेका मुलाला वेगळं बोलवायचं आणि सूचना देताना स्वतःचे हात मागे बांधून ठेवायचे. शिक्षकांचा अंदाज चुकतो तो इथेच. वर्गात मूल शब्दांवर चालत नसतं, गुरुजींच्या हातवाऱ्यांवर आणि शेजाऱ्याच्या नकलेवर चालतं. पाचसुद्धा जमल्या नाहीत तर त्या मुलाला मराठी वाचन लावू नका. नंतर एकच चित्र दाखवून आधी कोरकूत बोलतं करा, मग मराठीत. कोरकूत दहा वाक्यं आली आणि मराठीत नुसतं ‘झाड, गाय, माणूस’ निघालं, तर मुलाला ‘कच्चं’ ठरवू नका.

वाचनाची सुरुवात कोरकूतून, लिपी देवनागरीच. ‘डा’ म्हणजे पाणी, ‘उरा’ म्हणजे घर. यातलं ड, र, काना सगळं उद्या मराठीत कामाला येतं, म्हणून वेळ वाया जाण्याची भीती नको. मुळाक्षरांचा क्रम मात्र सोडा. बोलण्यात सारखी येणारी पाच-सहा अक्षरं आणि दोन-तीन स्वरचिन्हं एवढ्यावर शब्द सुरू करा. ष, क्ष, ज्ञ यांना घाई नाही. कोरकूतल्या काही शब्दांत आवाज घशात अडतो. तो कसा लिहायचा हे गावातल्या दोन-तीन जाणत्यांना बसवून आधीच ठरवा, नाहीतर भिंतीवर एक रूप, कार्डावर दुसरं, वहीत तिसरं होतं आणि मूल गोंधळतं.

तिसरी_घंटा
थोडं थंड पाणी ओततो. फिलिपिन्सने 2013 च्या कायद्याने तिसरीपर्यंत मातृभाषा माध्यम केलं, 19 भाषांत. ऑक्टोबर 2024 मध्ये नव्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली. आता जिथे वर्गातली सगळी मुलं एकाच भाषेची असतील तिथेच ते ऐच्छिक आहे. पुस्तकं पुरी नव्हती, शिक्षक त्या भाषेचे नव्हते आणि वर्ग मिश्र. वरच्या प्रश्नात यातलं काय वेगळं आहे? शिवाय नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना येते, आणि ती काही कोरकूत नसते.

बोलीची_वही
तिसरी_घंटा, हरकत बरोबर आहे, म्हणून उत्तरही त्याच तीन ठिकाणी शोधायला हवं. जवळचं उदाहरण ओडिशाचं आहे. तिथे दहा आदिवासी भाषांपासून सुरुवात झाली आणि पुढे त्या 21 झाल्या. त्यात संताली, जुआंग, सौरा या कोरकूच्या चुलत बहिणीच. तिथला पाया म्हणजे त्या त्या समाजातलेच भाषा-शिक्षक. तसं माणूस मिळत नसेल तर कोरकूचा नाद सोडा, हे मीही म्हणेन.

माणूस मिळाला, तर वेळ अशी वाटा. पहिलीत गणित, परिसर, गोष्टी आणि वाचन कोरकूतून. मराठीला रोज 40 मिनिटं, दिवाळीपर्यंत फक्त तोंडी: सूचना, खेळ, गाणी. दुसरीत मराठी वाचन. तिसरीत कल्पना कोरकूत उलगडायची, लिहायचं मराठीत. चौथीत मराठी पुढे, कोरकू अडेल तिथे. नवोदयचा फॉर्म भरेपर्यंत मराठी गणित हाताशी येतं.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक: गुरुजींचं एक मराठी वाक्य, लगेच मदतनिसाचं कोरकू भाषांतर. आठवडाभरात मुलांना कळतं की मराठी ऐकायची गरजच नाही, मागून कोरकू येतंयच. भाषांचे तास वेगळे ठेवा. मराठी तासाआधी पाच मिनिटं कोरकूत विषय सांगा, नंतर पाच मिनिटं कोरकूतच विचारा; मधे शुद्ध मराठी.

चुका वाचायलाही शिकावं लागतं. ‘आई आला’ हा निष्काळजीपणा नव्हे. कोरकूच्या व्याकरणात पुल्लिंगी-स्त्रीलिंगी नाही, सजीव-निर्जीव आहे. म्हणून तो-ती-ते हे सगळ्यात उशिरा येतं. पहिलीत तिथे लाल शाई वापरू नका. उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक या मुलांना फुकट मिळतो, कारण कोरकूतही तो आहे. हिंदीभाषक मुलाला तो शिकवावा लागतो! आकड्यांत मात्र खड्डा आहे: ‘बासष्ट’मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून मूल 26 लिहितं. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ दोन’ दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. इथे मात्र पहिले सहा महिने तेच वापरा, मग ‘बासष्ट’.

वडाचा_पार
धन्यवाद. बारावी झालेल्या दोन कोरकू मुली गावात आहेत. मानधन कुठून द्यायचं? आणि त्या 8 मुलांचं काय?

खडूफळा
धारणी-चिखलदरा पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतात. आदिवासी उपयोजनेतून थेट ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या 5 टक्के अबंध निधीत आरोग्य-स्वच्छता-शिक्षण हा वेगळा भाग आहे. ग्रामसभेच्या ठरावात ‘भाषा मदतनीस, दहा महिने, रोज तीन तास’ असं नेमकं लिहा. मोघम ‘शैक्षणिक साहाय्य’ लिहिलं तर पैसे कपाटं आणि रंगरंगोटीत जातात.

त्या 8 जणांची आधी वरचीच सूचना-चाचणी घ्या, कोरकूतही आणि मराठीतही. गल्लीत एकत्र खेळणारी मुलं कोरकू समजतात असं बरेचदा निघतं. ज्यांना समजत नाही त्यांना वाचनाच्या त्या तासाला दुसऱ्या गुरुजींच्या खोलीत दुसरीच्या मुलांबरोबर बसवा. गणिताला सगळे एकत्र, खडे-काड्या हातात देऊन.

आणि शिक्षकांच्या बदल्यांचा विचार आत्ताच करा. मदतनीस मुलींनी रोजच्या शब्दांची वही ठेवायची, कोरकू-मराठी, पान तारखेनुसार, आणि ती शाळेच्या कपाटात राहील, गुरुजींच्या पिशवीत नाही.