विषय: आईचं मांजर आणि कॉंडोचा नियम. दोन-तृतीयांश मतं कशी जमवू?

फ्रीमाँटहून
मंडळी, आमच्या कॉंडोत पाळीव प्राण्यांना बंदी आहे, म्हणून आईचं मांजर अजून मिलपिटासला भावाकडेच आहे. ती रोज फोनवर त्याचंच विचारते. घरमालकांच्या असोसिएशनचं बोर्ड म्हणतं, सीसी अँड आरमधला (वसाहतीच्या नियमांच्या नोंदवलेल्या दस्तऐवजातला) नियम बदलायचा तर दोन-तृतीयांश मालकांची मतं आणा. अर्ध्या मालकांनी घरं भाड्याने दिली आहेत, ते मतपत्रिकेचं पाकीटच उघडत नाहीत. कुणी हे करून पाहिलंय का?

सनीव्हेलहून
ताई, मतांच्या मागे लागण्याआधी सीसी अँड आरची शेवटची दुरुस्ती कधी झाली ते बघा. कॅलिफोर्निया सिव्हिल कोड, कलम ४७१५. दस्तऐवज १ जानेवारी २००१ला किंवा नंतर केलेला वा दुरुस्त केलेला असेल, तर मालकाला एक तरी पाळीव प्राणी ठेवता येतो. कुत्रा, मांजर, पक्षी, टाकीतले मासे. दुरुस्ती कशाची असावी, हे कलमात म्हटलेलं नाही.

क्युपर्टिनोहून
कल्व्हर सिटीच्या नाहरस्टेड बाईंची तीन मांजरं आठवा. ५३० घरांची वसाहत, प्राणीबंदीविरुद्ध त्या कोर्टात गेल्या, पण १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदीच उचलून धरली. आमच्या सूनबाईंना मांजरांची अॅलर्जी आहे, जिना सामायिक. नियम वाचूनच आम्ही घर घेतलं. आमचा विचार कोण करणार?

सनीव्हेलहून
काका, तो निकाल या कायद्याच्या आधीचा.

यादी-व्यवस्थापक
घराचे प्रश्न घर समितीच्या ईमेल-यादीवर पाठवावेत, हे मागच्या सर्वसाधारण सभेत ठरलं होतं. इथे दिवाळी हॉलचं काम अडलंय.

सॅन रामोनहून
घर समितीच्या यादीवर मार्चपासून कुणी लिहिलेलं नाही, म्हणून इथेच लिहिते. मतदान करावंच लागलं तर पाकिटांवर लक्ष ठेवा. मतपत्रिका आतल्या पाकिटात, बाहेरच्यावर नाव, पत्ता आणि सही. आमच्याकडे सही नसलेली पाकिटं बाद झाली आणि दोन मतांनी हरलो. पाकिटं मुदतीच्या किमान ३० दिवस आधी निघायला हवीत, म्हणजे दारोदार जायला वेळ मिळतो. आणि सगळ्या मालकांच्या एकूण मतांपैकी निम्म्याहून जास्त बाजूने पडली, पण दोन-तृतीयांश झाली नाहीत, तर कलम ४२७५खाली कोर्टाकडे अट शिथिल करायला अर्ज करता येतो. अर्ज एखादा मालकही करू शकतो, पण असोसिएशनने केला तर वकिलाचा खर्च तिच्या अंगावर, त्यासाठी बोर्ड राजी हवं.

फ्रीमाँटहून
छताच्या दुरुस्तीवेळी सीसी अँड आरमधलं खर्चाच्या वाटणीचं कलम बदललं होतं, असं शेजारच्या आजी म्हणतात. साल त्यांना आठवत नाही. मंगळवारी ओकलंडला काउंटी रेकॉर्डरकडे जाऊन प्रत काढते. काका, सूनबाईंचा जिना कुठल्या बाजूचा? आमच्याकडे प्रत्येक मजल्याला बाहेरून वेगळा आहे.