लिफ्ट नव्हती, आणि यूज्डचा डी

*बी ३०४:* नमस्कार, ग्रुपवर इंग्लिशवाले बरेच आहेत म्हणून विचारते. मुलाला सातवीच्या पेपरात वाक्य होतं, पूर्वी आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती अशा अर्थाचं. त्याने लिहिलं 'अवर बिल्डिंग डिडंट यूज टू हॅव अ लिफ्ट', यूजला डी न लावता, तर लाल पेनाने वर डी घालून अर्धा मार्क कापलाय. पोरगं कालपासून जेवत नाहीये नीट, कारण क्लासमध्ये त्याला डी काढायला शिकवलंय. नक्की बरोबर काय?

*ए १०२:* मला तर डी हवाच वाटतो. भूतकाळ आहे ना? यूज टू कसं चालेल

*सी ४०१:* नाही काका, डिड आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात. डिडंट गो म्हणतो, डिडंट वेंट नाही म्हणत

*ए १०२:* अरे पण मी ऑफिसात इतकी वर्षं डी लावूनच लिहिलं, छापील इंग्रजीतही पाहिलंय, ते सगळे चुकले?

*डी २०१:* आत्ता बघितलं. वहिनी, आधी हे सांगते की मुलाचं बरोबर आहे, मार्क कापायला नको होता. भूतकाळ डिडने उचलला, मग यूजवर परत डी चढवायचं कारण उरत नाही, शाळेच्या ग्रामरमध्ये हेच शिकवावं असं माझं ठाम मत आहे. पण काकांनी छापील पाहिलं तेही खरंय. अमेरिकेतले ब्रायन गार्नर, शब्दप्रयोगांचे मोठे जाणकार, ते म्हणतात डिडंटनंतरही डी लिहा, आणि तिथलीच मेरियम-वेबस्टर डिक्शनरी म्हणते डी नको. भांडण मिटत नाही कारण कानाला फरकच कळत नाही, डी आणि पुढचा टी एकमेकांत मिसळून दोन्ही 'यूस्टू'च ऐकू येतं. वापरणे या अर्थाचं यूज्ड बोलताना झ येतो, इथे स, तेही मुलांना सांगा.

*ए १०२:* मग डीवाल्यांचं म्हणणं तरी काय?

*डी २०१:* की यूज्ड टू हा आता गोठलेला साचा आहे. शेक्सपिअरच्या काळात आय यूज टू वर्तमानकाळातही चालायचं, आता नाही, मूळ रूपच वापरातून गेलंय तर डिडनंतर ते आणायचं कुठून. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण मला पटत नाही, कारण मग मुलांना एका क्रियापदासाठी डिडचा नियम मोडायला शिकवावा लागतो.

आणि आपल्या मुलांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो'वर राहतो, 'नाही' जसं आहे तसं. 'जायचो नाही' पण तसंच. म्हणून वर्गात मी वर्षानुवर्षं डिडंट वेंट ऐकलं, आणि डिडंट यूज्ड आपल्या डोळ्याला खटकत नाही. पण 'मी जात नसे' घ्या, रीती भूतकाळ. तिथे काळ 'नसे'ने घेतला आणि 'जात' मोकळं राहिलं. डिडंट यूज टू या 'जात नसे'च्या घडणीचं आहे, मुलाला असं समजावलं तर विसरणार नाही.

*सी ४०१:* बाई हे 'नसे'चं कधी लक्षातच आलं नव्हतं 🙏

*ई ५०३:* उद्या टाकी धुणार आहेत, १० ते १ पाणी येणार नाही, भरून ठेवा

*बी ३०४:* बाई, पुढच्या पेपरात त्याने काय लिहावं? परत कापतील

*डी २०१:* नेव्हर यूज्ड टू लिही म्हणावं. त्यात डिड नाही, डी राहतो, कोणी कापू शकत नाही. यूज्ड नॉट टू पण आहे, ब्रिटिश लोक औपचारिक लिहिताना वापरतात, यूजंट टू आता सहसा ऐकू येत नाही, ते सातवीला नको. फक्त 'आय ॲम नॉट यूज्ड टू' वेगळं हं, त्याचा अर्थ मला सवय नाही, तिथे डी कायम. या दोन गोष्टी मुलं हमखास एक करतात.

*ए १०२:* आमच्या वेळी असं कोणी सांगितलं नाही. १९९२ ला इथे राहायला आलो तेव्हा खरंच लिफ्ट नव्हती, देअर डिडंट यूज टू बी अ लिफ्ट. बरोबर ना बाई?

*डी २०१:* अगदी बरोबर काका.

*बी ३०४:* उद्या त्याला पेपर घेऊन पाठवू का तुमच्याकडे? टीचरशी बोलायचंच आहे, पण आधी त्याला तुमच्याकडून ऐकू दे

*डी २०१:* सातनंतर पाठव. आणि आता जेवायला घाल त्याला, बरोबर लिहिलंय पोराने