मदत हवी आहे: अमिगाडॉस स्क्रिप्टमध्ये नेमकी कोणती फाईल अडली ते कसं कळेल?

मंडळी, अमिगा ५०० प्लस हा जुना संगणक, त्यावर वर्कबेंच २.०४ ही सिस्टीम, एकच फ्लॉपी ड्राइव्ह. जुन्या फ्लॉप्यांवरच्या फायली वाचवायच्या आहेत. अमिगाडॉसमध्ये (त्याच्या कमांडच्या भाषेत) फॉर लूप, म्हणजे प्रत्येक फाईलसाठी तीच कमांड फिरवण्याची सोय, नाहीच, म्हणून नेहमीची वाट धरली आहे: फायलींची यादी देणाऱ्या लिस्ट कमांडच्या एलफॉर्मॅटने (यादीची ओळ हवी तशी मांडणारा पर्याय) प्रत्येक फाईलसाठी कॉपीची एकेक ओळ रॅम डिस्कवरच्या (मेमरीतल्या डिस्कवरच्या) फाईलमध्ये लिहायची आणि तीच फाईल एक्झिक्यूट कमांडने चालवायची. नावात स्पेस असेल म्हणून दोन्ही टक्के-एस (%s, जिथे फाईलचं नाव बसतं) भोवती अवतरणचिन्हं आहेत, प्रत्येक चिन्हाआधी चांदणी (*). कॉपी आणि लिस्ट रेसिडेंट केल्यात (मेमरीतच ठेवल्यात), नाहीतर दर कमांडला वर्कबेंचची डिस्क मागत बसतो.

इथवर झकास. पण एक सेक्टर खराब निघाला की कॉपी २० हा कोड परत करते, फेलॅटची (कितव्या एरर कोडला स्क्रिप्ट थांबवायची ते ठरवणारी कमांड) मर्यादा मुळात १०, त्यामुळे अख्खी स्क्रिप्ट तिथेच आडवी. वर फेलॅट २१ लिहिलं तर गाडी पुढे जाते, पण कोणती फाईल राहिली त्याची नोंद कुठेच नाही.

मला प्रत्येक कॉपीनंतर इफ एरर, मग एकोने (मजकूर लिहिणारी कमांड) फाईलचं नाव नोंद फाईलच्या शेवटी जोडणं, मग एंडिफ असं हवंय. एकाच एलफॉर्मॅटमध्ये चांदणी-एन (नवी ओळ) घालून चार ओळी निघतील का? की कॉपीऐवजी दुसऱ्या छोट्या स्क्रिप्टला फाईलचं नाव द्यावं? तिथे डॉट-की (दिलेलं नाव स्वीकारणारी ओळ) लागेल, आणि रिडायरेक्शनच्या चिन्हांशी (< आणि >) भांडण नको म्हणून डॉट-ब्रा, डॉट-केटने (त्या नावाभोवतीचे कंस ठरवणाऱ्या ओळी) महिरपी कंसही. शिवाय एक्झिक्यूटच्या पोटात एक्झिक्यूट गेल्यावर बाहेरचं फेलॅट आतही लागू राहतं का?

एआरेक्स (अमिगावरची दुसरी स्क्रिप्ट भाषा) सुचवू नका प्लीज, मेमरी १ एमबीच आहे. कुणाकडे चालती स्क्रिप्ट असेल तर ओळी जशाच्या तशा टाका.