सायकलची सीट तुम्हाला कशी मानवली? अनुभव सांगा

पावसाळी सकाळ
काल बेळगावात गोवावेसला पावसात आडोशाला थांबले होते. समोर एका आजोबांनी सायकल स्टँडला लावली, खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, सीटवर चढवली आणि खालून गाठ मारली. स्वतः भिजत होते, पण आधी सीट झाकली. मला एकदम बाबा दिसले.

बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत होते. वडगावातून रोज सायकलनं जायचे. २८ इंची काळी, दांडीची, चामड्याची सीट आणि खाली जाड स्प्रिंगा. पावसाळाभर त्यांच्या डब्याच्या पिशवीत एक जास्तीची पिशवी असायचीच. त्या सीटवर आमच्यापैकी कुणाला नीट बसताच यायचं नाही. दोन खळगे पडले होते, बरोब्बर बाबांच्या मापाचे. सायकल विकली तेव्हा त्यांनी सीट तेवढी काढून ठेवली, ती अजून माळ्यावर आहे.

मी ४६व्या वर्षी पुन्हा सायकल धरलीय. टिळकवाडीतून हिंडलगा, उचगाव, जमलंच तर बाचीपर्यंत. आठ महिन्यांत तीन सीटा झाल्या. दुसरी तर दुकानात बोटानं दाबून बघून, सगळ्यात मऊ म्हणून घेतली होती. पहिले दहा किलोमीटर गादी, मग जीव नको. उभी राहून पॅडल मारत घरी येते. सोडायचं नाहीये, सकाळचा तो दीड तास माझा आहे. ज्यांना सीट मानवली त्यांनी सांगा, कशी सापडली? जुन्या आठवणीही येऊ देत.

संकेश्वरी मिरची
अगदी अगदी. मऊवाली माझ्याकडे पण आहे. आता पोरगं अंगणात ट्रायसिकलला लावून फिरतंय.

मार्कंडेय
ताई, मऊ सीटच घात करते. आपलं वजन बसताना ढुंगणाच्या दोन हाडांवर यायला पाहिजे, बैठकीची हाडं म्हणतो ती. गादी फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. थोड्या वेळासाठी बरं वाटतं, तासानंतर मुंग्या. घट्ट सीट पहिले पंधरा दिवस बोचते, पण हाडं बरोबर जागी टेकत असतील तर पुढं त्रास नाही.

माप घरीच घ्या. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, वर बसायचं, सायकलवर वाकता तेवढंच पुढं वाकायचं, टाचा थोड्या उचलायच्या. उठलं की दोन खळगे दिसतात. प्रत्येक खळग्याच्या मधोमध खूण करून दोन खुणांमधलं अंतर मोजा. त्यात साधारण दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा, ती तुमच्या सीटची रुंदी. ताठ बसून चालवत असाल तर आणखी रुंद लागते. माझं अंतर साडेअकरा आलं आणि मी इतकी वर्षं १७ची सीट वापरत होतो. मांड्या घासून सालटी निघायची ती त्यामुळंच.

घटप्रभाकाठ
बाची म्हणजे बॉर्डरच की. पलीकडं शिनोळीत चहा घेता का?

पावसाळी सकाळ
@घटप्रभाकाठ होय की, चहा महाराष्ट्रात आणि नाष्टा कर्नाटकात.
@मार्कंडेय पुठ्ठा आजच शोधते.

रात्रपाळी
ड्युटीवर आहे, थोडक्यात लिहिते. बोचणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं. हाडं दुखली तर सवयीनं कमी होतं. पण मधल्या जागी बधिरपणा किंवा मुंग्या आल्या तर सहन करत बसू नका, नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातायत. लगेच उतरा, सीटचा कल बघा, मधे खाच असलेली सीट वापरून बघा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बायका हे बोलतच नाहीत, पुरुष तर त्याहून नाहीत. पेशंट आले ५

रात्रपाळी
पेशंट आले होते, ५ मिनिटांत आटपलं. एवढंच सांगायचं होतं की लाजू नका.

मलप्रभाकाठ
माझी आठवण वेगळी आहे. आठवीत शाळेत सरकारी सायकल मिळाली. कर्नाटकात २००६-०७ पासून ती योजना होती ना, त्यातली. आमच्या गावातून खानापूर तालुक्याच्या त्या शाळेपर्यंत सात किलोमीटर जंगलातला रस्ता. सीट वर होती आणि मी बुटकी. वर्षभर मी सीटवर बसलेच नाही, उभी राहूनच चालवली. सीट खाली-वर करता येते हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, दिलीय तशी वापर, बिघडवू नको.

नववीत नंदगडच्या बाजारात एका कानडी मिस्त्रीकाकांनी बघितलं. "यव्वा, निल्लस स्वल्प," म्हणजे जरा थांब, म्हणाले. थांबवलं, पान्यानं बोल्ट सैल केला, सीट खाली केली, पाय टेकवून बघायला लावलं. पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी घरी जाताना मी पहिल्यांदा बसून आले. रस्ता तोच होता पण मला आजूबाजूचं दिसायला लागलं. आज मी शिक्षिका आहे. शाळेत कुणीही पोर सायकल घेऊन आलं की मी आधी सीटची उंची बघते.

संकेश्वरी मिरची
मलप्रभाकाठ, डोळ्यांत पाणी आणलंस गं.

निपाणी नाका
२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केलीय, साडेतेरा तासांची मुदत असते. माझे मुद्दे पटापट. पॅडची चड्डी वापरत असाल तर आत दुसरी चड्डी घालायची नाही, तिच्या शिवणीच घासतात. दर वेळी धुवायची, घामटलेली परत घातली की फोड येणारच. जीन्सवर लांब जायचं नाही. चढाला दर पाच-दहा मिनिटांनी अर्धा मिनिट सीटवरून उठायचं. वंटमुरी घाट, तवंदी घाट हे तर सीटला विश्रांती द्यायलाच आहेत असं समजा.

हातमागाची गल्ली
पॅडची चड्डी बायकांनी कशावर घालायची? आमच्या खासबागेत तसली घालून गल्लीतून निघाले तर सासूबाई दारातच उभ्या.

निपाणी नाका
सलवारीच्या आत घाला अक्का. बायको तशीच घालते, बाहेरून कळतसुद्धा नाही. सैल सलवार चेनमध्ये अडकते तेवढं बघा, घोट्याला रबर लावा.

हातमागाची गल्ली
बरं झालं विचारलं. थँक्यू दादा.

गडाच्या पायथ्याशी
आम्ही येळ्ळूरचे, घरात गवंडीकाम. माझी सीट वडिलांनी बसवून दिली, पाणसळ (पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी) आणि ओळंब्यानं (दोरीला टांगलेलं वजन). खरंच सांगतो. सपाट फरशीवर सायकल उभी केली, सीटवर सरळ फळी ठेवली, फळीवर पाणसळ. बुडबुडा मधे आला तेव्हा बोल्ट आवळला. मी आधी सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकवलं होतं, त्यामुळं सारखा पुढं घसरून सगळा भार हातावर यायचा, मनगटं धरायची. मला वाटायचं हँडलची चूक आहे.

मग उंची. टाच पॅडलवर ठेवून पॅडल पार खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला पाहिजे, म्हणजे चवड्यानं चालवताना थोडा वाक राहतो. आणि शेवटी सीट पुढं-मागं. पॅडल आडवं धरून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला, तो पॅडलच्या आसाच्या आसपास आला. हे काही दगडावरची रेघ नाही, पण सुरुवातीला धरायला बरं. सीट तीच जुनी. तीनशे रुपयांची. गेल्या पावसाळ्यात जांबोटीपर्यंत जाऊन आलो. आधी माप आणि बसवणूक बघा, मग नवी घ्या, एवढंच माझं म्हणणं.

मार्कंडेय
हे लाखातलं बोललात. निम्म्या सीटा विनाकारण बदलल्या जातात.

घटप्रभाकाठ
जांबोटी रोडला आता खड्डे किती? रविवारी जाऊलोय.

गडाच्या पायथ्याशी
किणयेपर्यंत बरा आहे. पुढं सांभाळून.

शहापूरचा नातू
चामड्याच्या सीटवरून आठवलं. आजोबांकडं विलायती ब्रुक्स होती. कंपनी १८६६ची, बर्मिंगहॅमची. खाली गादी नसतेच, चामडंच झोळीसारखं ताणलेलं असतं आणि चालवणाऱ्याच्या हाडांप्रमाणं बसत जातं. ताईंच्या बाबांचे खळगे म्हणजे तेच. भिजलेल्या चामड्यावर बसलं की ते लांबून कायमचं लोंबतं, म्हणून पिशवी. नाकाखाली एक नट असतो, सैल पडलं तर तो किंचित फिरवायचा. आजोबा वर्षातनं दोनदा खालच्या बाजूनं मेण चोळायचे. तेल पाजायचे नाहीत, जास्त तेलानं चामडं मऊ पडतं म्हणायचे.

ताई, माळ्यावरची सीट फेकू नका हं.

पावसाळी सकाळ
फेकणार कशी? काल रात्री काढली. कडेला फाटलीय, स्प्रिंगा गंजल्यात, पण वास तोच आहे. बसून बघितलं. खळगे मला रुंद पडतात आणि माझी सायकल वाकून चालवायची, बाबा ताठ बसायचे. लावणार नाही. पुसून, मेण लावून कपाटावर ठेवलीय.

आणि पुठ्ठ्याचं माप आलं. तेरा! तिसरी सीट साडेपंधराची आहे, म्हणजे रुंदी बरोबर होती. नाक मात्र वर आहे, आत्ता बघितलं. आठ महिने मी सीटेला बोलत होते.

हातमागाची गल्ली
बाबांची सीट बघायला येऊ का एकदा? आमचे अण्णा पण उद्यमबागेतच होते.

पावसाळी सकाळ
विचारता काय, या की. कुंदा आणून ठेवते. कुठल्या शेडला होते अण्णा?

गडाच्या पायथ्याशी
ताई, रविवारी सकाळी सहाला टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ थांबतो. पाणसळ माझी, पाना तुमचा. सहा नंबरची अ‍ॅलन की (षटकोनी पाना) लागेल बहुतेक, घरात नसेल तर सांगा.

घटप्रभाकाठ
मग मी पण जांबोटी रद्द करून तिकडंच येतो. माझंही नाक बघून द्या.