५.१ नको, दोनच स्पीकर घ्या
पाच हजारांत ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा डबा) बसेल का, असं एकाने विचारलंय. बसेल हो, पण त्या पैशात सहा डबडी मिळतील. गाणी बहुतेक स्टिरिओतच, म्हणजे डाव्या-उजव्या दोन स्पीकरसाठीच असतात, दोन बरे स्पीकर पुरे. कॉलेजात असताना मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जुने बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे) स्पीकर उचलले होते. घेण्याआधी जाळी काढून पडद्याच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा. माझ्या एकाचा घरी आल्यावर भुगा झाला! अ‍ॅम्प्लिफायर छोटा क्लास-डी (कमी तापणारा, कमी वीज खाणारा प्रकार) चालेल, फक्त स्पीकरमागचा ओहमचा (विद्युत विरोधाचा) आकडा त्याला झेपतो ना ते पाहा. आणि स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, डग्गा नुसता घुमत राहतो. भिंतीपासून हातभर पुढे, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. माझे स्टँड म्हणजे चार विटा आणि बारावीची गाइडं.